कमुरत्यातला मुहूर्त

संक्रांतीच्या आधीचा महिना आमच्या बडोद्यात कमुरत्याचा. सूर्य धनु राशीत गेला की लग्न नाही, वास्तुशांत नाही, दुकानाचं उद्घाटन नाही. नवी गाडी शोरूममध्ये हार घालून उभी असली तरी घरी आणायची नाही. पुण्याचे आमचे नातेवाईक याच दिवसांना धनुर्मास म्हणतात, पहाटे उठून मुगाची खिचडी खातात आणि पुण्य मिळवतात. इथे पुण्याचंही काही नवीन सुरू करायचं नसतं. उत्तरायणाला पतंग वर गेला की मग सगळं मोकळं.

मला हा महिना फार आवडायचा. सयाजीगंजच्या फुटपाथवर दोन खांबांमध्ये दोरा ताणून त्यावर गुलाबी मांजा चढवणारी माणसं बसायची, आणि तिथून गेलं की काही न करताच बोटं गुलाबी व्हायची. ओल्या तुरीचे ढीग, त्याच दाण्यांच्या म्हणजे लीलव्याच्या कचोरीचा हिरवा तिखट वास, फतेगंजच्या आमच्या गॅलरीत सकाळी लष्करी लायनींकडून येणारा बिगूल, आणि त्या थंडीत हातात धरलेला आल्याचा चहा. आता मांजा दिसला की मला फक्त गळे कापलेले पक्षी आठवतात. वय झालं म्हणा, किंवा डोळे उघडले म्हणा.

परवा समोरच्या गच्चीवर पोरं पतंगाची कन्नी बांधत होती. आमचा दादा गॅलरीत येऊन बसला तसा त्यांच्यातला एकजण ओरडला, "बेन, पाणी मळशे?" ताई, पाणी मिळेल? आणि सगळी खो खो हसली. दादानं खुर्ची उचलली आणि तो आत येऊन बसला. उन्हाचा माणूस तो, पण कमुरता लागला की हल्ली आतच बसतो.

त्या एका वाक्याची गोष्ट सांगायची तर पिक्चरची गोष्ट सांगावी लागेल. पिक्चरचं नाव मी घेणार नाही, फुकटची जाहिरात कशाला? दर उत्तरायणाला दुपारी कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर लागतो, कारण त्यात बडोद्याच्या गच्च्या आहेत, पतंग आहेत, एक लबाड पुढारी आहे आणि एक खासगी डिटेक्टिव्ह आहे. लोक म्हणतात, काय थ्रिलर आहे! असेल. थ्रिल ज्यांना झालं त्यांना झालं.

दादा खासगी डिटेक्टिव्ह होता. ऐकायला भारी वाटतं, पण रेल्वेतली नोकरी मुदतीआधी सोडून त्यानं सयाजीगंजात जिन्याखाली एक खोली घेतली होती आणि तिथे मुख्यतः लग्नाच्या चौकश्या चालत. कॅनडातला मुलगा तिथे खरंच इंजिनिअर आहे की पेट्रोल भरतो, मुलीचं आधी कुठे जमलं होतं का, सासू कशी आहे. आमचे आजोबा गायकवाड सरकारात अंमलदार होते, त्यामुळे नातेवाईक दादाला म्हणत, "काय हे, अंमलदाराचा नातू आणि लोकांच्या चहाड्या गोळा करतो." दादा हसायचा. कमुरत्यात लग्नं थांबतात, पण लग्नाची बोलणी थांबत नाहीत. म्हणून ज्या महिन्यात सगळ्या बडोद्याचे धंदे मंद, त्या महिन्यात दादाचा सीझन.

त्याची एक रीत होती. ज्या घराची चौकशी असेल त्याच्या शेजारच्या घरी जायचं, दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "बेन, पाणी मळशे?" गुजराती घर पाण्याला नाही म्हणत नाही. बाई पाणी आणायला आत वळली की दादा घर बघून घ्यायचा. चपला किती, देव कुठले, म्हाताऱ्याची औषधं बाहेर आहेत की लपवलेली. आणि पाणी पिऊन झालं की त्या बाईला वाटे, आता या माणसाशी दोन शब्द बोलायला हरकत नाही. "माणूस पाणी देताना खोटं बोलत नाही, शैला," तो मला सांगायचा.

दुसरा एक नियम होता, तो आम्हा घरच्यांसाठी. घराबाहेर मराठीत काही खासगी बोलायचं नाही. आम्हा बडोद्याच्या मराठी लोकांना एक खोड आहे. चारचौघांत काही गुपित बोलायचं झालं की आम्ही मराठीत शिरतो, जणू दार लावून घेतलं. मी एकदा कापडाच्या दुकानात दादाला म्हटलं, "चल रे, हा मेला लुटतोय." दुकानदार थान गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "नाही ताई, लुटत नाही, कापड बघा तर खरं." दादा बाहेर येऊन माझ्यावर असा चिडला! "या शहरात मराठी म्हणजे जाळीचं दार आहे. आपल्याला वाटतं बंद आहे, बाहेरच्याला सगळं दिसतं." मी शाळेत तीस-पस्तीस वर्षं मराठी शिकवली, आणि मला मराठी बोलायला बंदी!

लग्नाच्या चौकश्यांच्या त्या ढिगाऱ्यात दादाची खरी म्हणावी अशी केस एकच. सविताबेनची.

सविताबेनचा नवरा गवंडी होता. गोरव्याच्या बाजूला एका वस्तीसाठी पाण्याची टाकी बांधत होते, तिच्यात पहिल्यांदा पाणी सोडलं आणि ती खाली आली. तो खाली होता. चौकशी झाली, जमीन भुसभुशीत होती असं ठरलं आणि सगळे घरी गेले. जमीन काही साक्ष द्यायला येत नाही. सविताबेन मात्र दादाच्या जिन्याखालच्या खोलीत आली आणि तिनं एकच विचारलं, "साहेब, मारा माणसने कोणे मार्यो, एटलुं शोधी आपो." माझ्या माणसाला कुणी मारलं, एवढं शोधून द्या.

दादानं शोधलं. टाकीचं सिमेंट आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याच्या फार्महाऊसला गेलं होतं, आणि टाकीत गेली होती नुसती वाळू. पुढाऱ्याचं नाव घेत नाही. असा एक प्रत्येक भागात असतो. सगळे त्याला काका म्हणत, लग्नात पहिला चांदला, म्हणजे पैशांचा आहेर, त्याचा आणि स्मशानात पहिलं लाकूडही त्याचं. सिमेंटचे ट्रक वळताना एका माणसानं डोळ्यांनी पाहिले होते, टाकीच्या कामावरच्या पहारेकऱ्यानं. तो पहारेकरी म्हणजे भरत, सविताबेनचा सख्खा दीर.

भरतनं दादाला सगळं सांगितलं, रडत सांगितलं, आणि जबाब द्यायला कबूल झाला. जबाबाच्या दिवशी म्हणाला, "हुं तो ऊंघी गयेलो." मी तर झोपलो होतो. पुढच्या महिन्यात त्याला कायमची नोकरी लागली. त्या नोकरीवर त्यानं पक्कं घर केलं, विधवा भावजयीला त्या घरात ठेवलं, पुतणीला कॉलेजपर्यंत शिकवलं. वस्तीत त्याचं नाव देवमाणूस म्हणून घेतात. कुठला साक्षीदार होता आणि कसा फिरला, हे दादानं सविताबेनला कधीच सांगितलं नाही. मला सांगितलं, ते असं, "नवऱ्याच्या रक्तावर ती दोन वेळा जेवतेय आणि तिला ते ठाऊक नाही. ठाऊक झालं तर उपाशी मरेल. तेव्हा तोंड बंद ठेव."

मग दरवर्षी वासी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सविताबेन आमच्याकडे यायची. दादानंच तिला दांडियाबाजारातल्या एका मराठी घरी पोळ्यांचं काम लावून दिलं होतं. तिथे शिकलेला तिळगूळ ती डब्यातून आणायची, आमच्या हातावर ठेवायची आणि पदर तोंडाला लावून हसत म्हणायची, "तिलगुल घ्या, गोड बोला." आम्हीही हसायचो. एवढंच एक वाक्य तिला मराठीत येतं, असं आम्ही धरून चाललो होतो. मग हसू पुसून ती विचारायची, "कंई थयुं, साहेब?" काही झालं का? आणि दादा म्हणायचा, "थशे, बेन. थशे." होईल. काही होणार नव्हतं. पण ती उठताना जरा सरळ होऊन उठायची, आणि दादा तेवढ्यासाठी वर्षभर जगायचा असं मला वाटे.

अशा घरात एका कमुरत्यात समीर आला.

मुंबईचा, मराठी, दाढी राखलेला, डायरेक्टर. बडोद्याच्या मराठी माणसाला पाडायचं असेल तर तलवार लागत नाही. मुंबई-पुण्याचा माणूस दारात यावा आणि त्यानं म्हणावं, "अहो, तुमचं मराठी किती सुंदर आहे! आमच्याकडे असं आता कोणी बोलत नाही." बस. समीरनं दुसऱ्याच वाक्याला ते म्हटलं आणि दादा विरघळला. मी चहा ठेवायला आत गेले, बाहेर येईपर्यंत दादाच्या गोष्टीत टाकी कोसळलेली होती.

"सर, मला खरी गोष्ट हवी," समीर म्हणाला. "नेत्यांचा भ्रष्टाचार, आणि त्याच्यामागे लागलेला एक साधा माणूस. स्कूटरवरचा."

दादानं एकच अट घातली. "शेवटी त्याला पकडा. खऱ्यात झालं नाही, पडद्यावर तरी होऊ द्या. ती बाई बघेल."

"शब्द दिला, सर."

दादानं त्याला सगळं सांगितलं, फक्त भरतचं नाव आणि नातं सांगितलं नाही. "एक साक्षीदार होता, तो फिरला," इतकंच. "कुणी फिरवला?" समीरनं विचारलं. दादा म्हणाला, "ते सोडा."

आणि मग आठ-दहा दिवस दादानं डिटेक्टिव्हचं काम करणाऱ्या नटाला स्वतःच्या सगळ्या लकबी शिकवल्या. मफलर कसा गुंडाळायचा, बडीशेपेची डबी कुठल्या खिशात, विचार करताना कानाची पाळी कशी ओढायची, स्कूटर बंद करून उतारावरून आवाज न करता कशी आणायची. मी विणलेला स्वतःचा राखाडी मफलर त्यानं त्या नटाला दिला, निळी स्कूटर दिली. "बेन, पाणी मळशे?" हे तर त्यानं पन्नासदा घोकून घेतलं. "खरं वाटलं पाहिजे," म्हणायचा. उत्साह असा की जणू मुलाची मुंज आहे. मी चिडवलं, "अरे, स्वतःसाठी काहीतरी शिल्लक ठेव." हसला. अशी माझी चेष्टा, जिची नंतर मलाच चीड यावी.

मुहूर्ताचा शॉट गोरव्याला होता. भर कमुरत्यात. प्रॉडक्शनचा एक स्थानिक माणूस बिचकत म्हणाला की संक्रांतीनंतर केलं असतं तर बरं. तेवढ्यात पांढरी गाडी आली. वस्तीत शूटिंग करायचं तर परवानगी लागते, आणि परवानगी म्हणजे काका. काका उतरले, पांढरे कपडे, पांढरे बूट, आणि त्या माणसाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अरे, कमुरतां तो गरीब माणसने नडे!" गरिबाला आड येतो कमुरता, आपल्याला नाही. सगळे हसले. समीरही हसला. जिथे काका उभे होते तिथून ती पडक्या टाकीची जागा दिसत होती. आता तिथे त्यांच्या वडिलांच्या नावाचा बगीचा आहे.

त्यांनीच क्लॅप दिला. मग दादाला पाहून दोन्ही हात पसरले. "आ तो आपणा साहेब! एमने कोण न ओळखे?" यांना कोण ओळखत नाही! दादाच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी फोटो काढून घेतला. दादाचा चेहरा त्या फोटोत कसा आलाय ते मला माहीत आहे. मार खाल्लेल्या मुलाला फोटोसाठी हस म्हटल्यासारखा.

"अहो, तोच हा," दादा बाजूला समीरला म्हणाला.

"माहीत आहे, सर. मजा बघा ना, चोराच्याच घरात बसून चोराची गोष्ट!" समीर म्हणाला. दादाला ते पटलं. मला पटलं नाही, पण शिक्षिकेला कोण विचारतो.

पिक्चर पुढच्या दिवाळीत लागला. दादानं सविताबेनला आणि भरतला बोलावलं. मधल्या रांगेत आम्ही चौघं, सविताबेन दादाच्या शेजारी. नवी साडी, डोक्यावरून पदर. पडद्यावर राखाडी मफलर आला, निळी स्कूटर आली, तशी ती हळूच म्हणाली, "साहेब, आ तो तमे!" दादानं कानाची पाळी ओढली. पडद्यावरच्यानंही ओढली. मागे कोणीतरी हसलं.

मध्यंतरानंतर पडद्यावरचा डिटेक्टिव्ह पडद्यावरच्या विधवेच्या दारात गेला. "बेन, पाणी मळशे?" ती पाणी आणायला आत वळली. त्यानं खिशातून फोन काढला आणि पुढाऱ्याला साक्षीदाराचं नाव सांगितलं. ती पेला घेऊन आली. तो प्यायला, आणि म्हणाला, "थशे, बेन. थशे." थिएटरभर शिट्ट्या.

शेवटी पुढारी गच्चीवर उभा राहून पतंग उडवतो आणि डिटेक्टिव्ह त्याची फिरकी धरतो. संपला पिक्चर.

मी दादाकडे बघू शकले नाही, म्हणून पलीकडे पाहिलं. भरतनं सबंध पिक्चरभर खुर्चीच्या कडेवर बसून घाम पुसला होता. आता तो मागे टेकला होता आणि टाळ्या वाजवत होता. सविताबेन उठली, पदर सारखा केला आणि कोणाकडे न बघता बाहेर पडली.

दादानं समीरला फोन लावला. मी बाजूलाच होते. "सर, रागावू नका," समीर म्हणाला. "पुढारी चोर निघाला याचं आता प्रेक्षकांना काही वाटत नाही. डिटेक्टिव्हच चोर निघाला की झटका बसतो. आणि गोष्टीत ती एक जागा रिकामीच होती ना? साक्षीदाराला कुणी फिरवलं ते तुम्ही सांगितलंच नाहीत." पुढे हेही म्हणाला, की काकांनाही हाच शेवट आवडला.

रिकामी जागा भरा. आयुष्यभर मी मुलांकडून हेच करवून घेतलं.

दादाचा धंदा बसला हे सांगायला नको. तो एका सोसायटीत चौकशीला गेला, दारात उभा राहिला, "बेन, पाणी..." एवढं म्हणतो तोच बाई आतल्यांना हाक मारून म्हणाली, "अरे जुओ, पेलो पिक्चरवाळो!" बघा, तो पिक्चरवाला! सगळं घर बघायला आलं. पाणी कोणी आणलं नाही. दुसरा एखादा म्हणाला असता, तो मी नव्हेच. पण मफलर त्याचा, स्कूटर त्याची, कानाची पाळी त्याची. स्वतःला इतकं चोख शिकवून ठेवल्यावर कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? तेव्हापासून घरातही तो माझ्याकडे पाणी मागत नाही. उठतो आणि माठातलं घेतो.

मग कमुरता आला आणि सरला. उत्तरायण झालं. वासी उत्तरायणाला मी तिळगुळाची वाट पाहत नव्हते, तरी दुपारी जिन्यावर चपला वाजल्या. सविताबेन आली होती, आणि पहिल्यांदाच तिला सोडायला भरत वरपर्यंत आला होता. देवमाणूस दाराशीच उभा राहिला.

ती बसली नाही. डबा हातातच होता. तिनं "कंई थयुं" असं विचारलं नाही. आवाज न चढवता म्हणाली, "साहेब, पहेलेथी कही दीधुं होत तो हुं दर वरसे धक्को न खात." फुकट खेपेला इथे धक्का म्हणतात. आधीच सांगून टाकलं असतंत तर मी दरवर्षी हेलपाटा घातला नसता. बस, एवढंच. शिवी दिली असती तर मी तिचे उपकार मानले असते.

दादानं भरतकडे पाहिलं. भरत फरशी बघत होता. मला वाटलं आता बोलेल, आता तरी बोलेल. दादा म्हणाला, "मारी भूल थई गई, बेन." माझी चूक झाली.

माझा संताप संताप झाला. दादाच्या हयातभराच्या इभ्रतीवर हा माणूस पाय देऊन उभा आणि तोंडातून शब्द काढत नाही! मी पुढे झाले, तोंड उघडलं. दादानं माझा हात धरला आणि खालच्या आवाजात, मराठीत, म्हणाला, "गप्प बस, शैला. तिच्या दिराचं नाव घेतलंस तर ती राहील कुठे?"

सविताबेनच्या हातातला डबा थांबला.

दांडियाबाजारच्या त्या मराठी घरात ती किती वर्षं पोळ्या लाटत होती, हे दादापेक्षा जास्त कोणाला ठाऊक? काम त्यानंच लावून दिलं होतं. नियम त्याचाच, जाळीचं दारही त्याचंच. तिनं दादाकडे पाहिलं, तो पांढराफटक झाला होता. मग तिनं मान वळवून भरतकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याला मराठी येत होतं की नाही मला माहीत नाही, पण ती नजर कुठल्याही भाषेत कळण्यासारखी होती.

तिनं डबा उघडला. माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, दादाच्या हातावर ठेवला. ठेवताना खालून स्वतःचा हात लावला. गोड बोला असं म्हणाली नाही. मग डब्याचं झाकण लावलं आणि दिराला म्हणाली,

"चालो, भरतभाई. घेर तो जवुं ज पडशे ने." घरी तर जावंच लागणार ना.

मी गॅलरीत गेले. सगळ्या गच्च्यांवर आरडाओरडा होता, कोणाचा तरी पतंग कापला होता. खाली भरतनं स्कूटर चालू केली. ती मागे बसली, आणि डबा दोघांच्या मध्ये ठेवला.